पेवावरची हाक

कवठाळीत पहिला सिग्नल बसला त्या दिवशी नाथाआण्णा तो बघायला गेले आणि दुपारी जेवायलाच आले नाहीत. लाल दिवा लागला की रस्ता रिकामा असला तरी ते काठी टेकून, छाती काढून कडेला थांबत. हिरवा लागला की सावकाश पलीकडे जात, आणि पलीकडून परत अलीकडे येत. पुढे पुढे घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला सिग्नल दाखवून आणायचा, असा रिवाजच पडला. पाहुणा पुण्याचा असला तरी त्याची सुटका नसे. पुण्यात सिग्नल असतात हे आण्णांना माहीत होतं, पण ते पुण्यात असायचेच, त्यात पुण्यानं काय मोठं केलं, असं त्यांचं म्हणणं.

कवठाळी आष्ट्याच्या पलीकडं, कृष्णेच्या काठापासून जरा उंचावर. आण्णांच्या लहानपणी गावात दिवसाला एक येष्टी यायची, तीही ड्रायव्हरची सासुरवाडी गावात होती म्हणून. आता नगरपरिषद झाली होती, बाहेरून वळसा घालणारा रस्ता झाला होता, दवाखान्यात लिफ्ट होती. आजारी नसतानाही आण्णा त्या लिफ्टमधून वर जाऊन आले होते. या सगळ्यात आपला हात काय, असं त्यांना कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. कवठाळी उभी राहिली ती पेवांवर, आणि पेवांवर उभे राहिले नाथाआण्णा.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वरून तोंड एवढं अरुंद की खांदे आखडून माणूस उतरावा, आत मात्र मोठ्या घागरीसारखी फुगलेली खोली. तळाला आणि भिंतींना शेणानं सारवायचं, उसाचं पाचट अंथरायचं, हळद भरायची, तोंडावर दगडी झाकण ठेवून वर माती लोटायची. मग वर्षं गेली तरी हळदीला कीड लागत नसे. कवठाळीच्या माळाची मातीच तशी होती. त्या माळावर गावाची सगळी हळद झोपायची, आणि भाव आला की तिला उठवून सांगलीच्या पेठेला धाडायचं. शाळा, देवळाचं शिखर, पाण्याची टाकी, सगळं त्या हळदीतून वर आलं. आता पेवं बंद झाली, हळद शीतगृहात जाऊ लागली, आणि त्या माळावर 'हरिद्रा प्लाझा' नावाची चार मजली इमारत होणार होती.

"हरिद्रा म्हंजे?" आण्णांनी नातीला विचारलं होतं.

"हळद, आबा. संस्कृतात."

"मग हळद म्हणायला लाज वाटती व्हय त्यास्नी?"

पण मनातून त्यांना नाव आवडलं होतं. एरवी त्यांनी पाहुण्यांना ते दहादा ऐकवलं नसतं.

त्यांची ही नात, अपेक्षा, इंजिनिअर झाली होती आणि त्याच प्लाझाच्या कामावर होती. थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी ती स्कूटी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आबा, चला. माळावर पेवं कुठं कुठं होती ते दाखवा. सगळी मुरमानं भरून घेतली की मग रोलर फिरवायचा. एखादं राहिलं तर वर इमारत कशी उभी करणार?"

"ऱ्हातंय कसं? मी हाय न्हवं?" आण्णा म्हणाले, आणि ठेवणीतला फेटा काढायला आत गेले.

माळावर मशिनं उभी होती. एका कडेला पत्र्याची लांब शेड होती. जत-आटपाडीच्या कोरड्या भागातून आलेली मजूर माणसं तिथं राहत, बायका तिथंच चुली मांडत. आण्णा काठीनं जमीन ठोकत चालू लागले. त्यांनी काठी टेकली की मजूर तिथं चुन्याची फक्की टाकून खूण करी. जेसीबीनं वरची माती ओढली की बरोबर त्याच जागी झाकणाचा दगड लागे. कंत्राटदार इंद्रजित मोबाइलवर बोलता बोलता थांबून बघू लागला. आण्णांना ते दिसलं होतं. त्यांनी चाल आणखी संथ केली.

"हे आप्पासोचं," ते प्रत्येक पेवाशी सांगत. "हे बिरदेवचं. हे बाळकूचं. ते तिकडं गणूचं."

"मालकांची नावं का?" अपेक्षानं विचारलं.

"मालकाला कोण इचारतंय! आमच्या टोळीतली माणसं ही. जो पेवात पयला उतरायचा त्याचं पेव. त्यानं खणलेलं, त्यानं सारवलेलं. त्यातली हवा त्यालाच कळायची."

"आणि तुमचं कुठलं?"

"मी वरचा माणूस. माझं पेव न्हाई. माझा आवाज मोठा, म्हणून मी हाकेला." आणि मग त्यांनी तिला हाकेची रीत सांगितली.

पेव उघडलं की आतून कोंडलेली, ऊन वाफ यायची. ती निघून जाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला की कोणी उतरायचं नाही. शिळ्या हवेत दिवा जगत नाही तसा माणूसही जगत नाही. काम झालं, माणसं वर आली, की झाकण लोटण्याआधी हाक मारणाऱ्यानं, म्हणजे हाक्यानं, पेवाकडं पाठ करायची, रस्त्याकडं तोंड करायचं, आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं म्हणायचं, 'वर हाय'. सगळ्यांचं 'वर हाय' झाल्याशिवाय झाकण हलत नसे.

"पाठ का करायची?"

"पेवाच्या तोंडात हाक मारली की ते हाक परत देतंय. माणूस वर आला का आत ऱ्हायला, कळतंय व्हय मग? म्हणून रस्त्याकडं तोंड. ज्याला घरी जायचं हाय त्यो रस्त्याकडनंच बोलणार."

अपेक्षाला ते फारच आवडलं. गावाच्या जुन्या आठवणींचा एक कार्यक्रम नगरपरिषद करणार होती, त्यासाठी तिनं मोबाइल पुढे धरला. "आबा, तीच हाक मारून दाखवा. फक्त असं नको, ऊन तुमच्या मागून येतंय, तोंड काळं दिसतंय. इकडं वळा. हां, पेवाकडं."

आण्णा वळले. आयुष्यात त्यांनी हे कधी केलं नव्हतं. पण मोबाइलमध्ये तोंड काळं दिसणं हेही त्यांना परवडणारं नव्हतं.

"आप्पासोss!" त्यांनी उघड्या पेवात हाक मारली. "बिरदेवाss! बाळकूss! गणूss!"

पेवांनी हाका परत दिल्या. पेव देतंच. फक्त आण्णांना वाटलं, हाक परत यायला जरा उशीर झाला. आत कोणी काम हातावेगळं करून मग तोंड वर केल्यासारखा. थंडीतही त्यांच्या पोटऱ्यांना ऊन हवेचा एक झोत लागला आणि नाकात हळदीचा जुना, कडवट, गोड वास गेला.

"छान आलंय," अपेक्षा म्हणाली. "संपली सगळी?"

"संपली. आणिक पेव न्हाई."

शेडच्या दारातून एक बाई बघत होती. साळूबाई तिचं नाव. आटपाडीकडची, मेंढरं विकून मुलं-सुना घेऊन कामाला आलेली. तिनं पदर सावरत विचारलं, "आण्णा, आमच्या शेडखाली काय न्हाई न्हवं? लेकरं निजत्यात."

"न्हाई म्हंजे न्हाई. गावातलं एकूणएक पेव मला ठाव हाय."

आण्णांचा शब्द म्हणून शेडखाली कोणी खणून बघितलं नाही. बाकीची पेवं मुरमानं भरली. अपेक्षानं साहेबांना सांगितलं की जमीन मोकळी आहे. कोणाच्या भरवशावर, असं साहेबांनी विचारलं तेव्हा ती अभिमानानं म्हणाली, "माझ्या आजोबांच्या." हे तिनं घरी येऊन सांगितलं, आणि आण्णा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास, साळूबाई आण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. घरात त्यांची बायको धोंडुबाई वाती वळत बसल्या होत्या. आण्णा टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत होते.

"आण्णा, वाईच बोलायचं हुतं."

"बोल की. आत ये."

ती आत आली नाही. "आमच्या चुलीखाली कोणतरी झाडतंय."

आण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "काय करतंय?"

"झाडतंय. खराटा फिरवल्यागत. पयल्यांदा वाटलं उंदीर. मग एक दिस सारवल्याचा आवाज आला. हात फिरवल्याचा, आवं, बाईमाणसाला कळतंय त्ये. सकाळी उठलं की भांडी पिवळी. जमीन ऊन लागती, लेकरं उघडी निजत्यात ह्या थंडीत. सुनेला बरं वाटतंय, म्हणती फुकटची शेगडी." ती हसली नाही. "उद्या सकाळीच रोलर येनार हाय. शेड मागं घ्यायची म्हणत्यात, पर आमाला उठवायच्या आदी त्यो शेजारनं फिरणार. इंजिनिअर ताईस्नी फोन लावला, लागत न्हाई."

"शेडखाली पेव न्हाई," आण्णा म्हणाले. "चुलीची धग असंल. आणि पिवळं म्हणशील तर सगळा माळ हळदीचा हाय."

"मी बी तसंच म्हणाले सगळ्यास्नी. आण्णा म्हणाल्यात न्हाई, म्हंजे न्हाई." साळूबाईनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "फकस्त एकडाव तुमी येऊन तिथं हुबं ऱ्हाऊन म्हणा. मग मी निजते."

ती गेली. धोंडुबाईंनी वात तेलात बुडवली आणि म्हणाल्या, "आवं, ती गेली तिथं कुठला वास सोडून गेली बघा."

दाराशी ताज्या शेणाचा वास येत होता. सारवणाच्या शेणाचा, आणि त्यात हळद. पेव भरायच्या दिवसांत आण्णांच्या अंगाला हाच वास असायचा. धोंडुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याची पहिली ओळख त्यांना याच वासानं झाली होती. मग पेवं बंद झाली, आणि तो वास त्या घरात पुन्हा आला नव्हता.

"टॉर्च घ्या," त्या म्हणाल्या. "मी बी येते."

"तू कशाला?"

"तुमाला 'चुकलं' म्हणता येत न्हाई. तेवढं म्हणायला येते."

माळावर पोचले तेव्हा सूर्य गेला होता, पण आभाळात तांबडा उजेड होता. आजूबाजूच्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं. त्याचा धूर जमिनीला धरून सरकत आला होता, त्यामुळे गावाचे नवे दिवे, सिग्नल, दवाखान्याची लाल अक्षरं, सगळं लांब गेल्यासारखं दिसत होतं. मशिनं थंड झाली होती. शेडमध्ये चूल पेटलेली, मुलं भाकरीची वाट बघत बसलेली. थंडीत बाहेर यायला कोणी तयार नव्हतं. कशासाठी यायचं, हे त्यांना कोणी सांगूही शकत नव्हतं.

आण्णा माळाच्या मध्यावर उभे राहिले. पायाखाली मुरूम भरलेली पेवं होती, वर सपाट केलेली माती. त्यांनी कान दिला. काही नाही. मग शेडजवळ गेले, काठीनं जमीन ठोकली. आवाज भरीव आला. इथं पेव नाही, असं ते तोंड उघडून म्हणणार होते, आणि त्यांना का कोण जाणे, ते म्हणवेना.

"काय करताय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"हाक मारतो," ते म्हणाले. "रीतीनं."

ते पुन्हा माळाच्या मध्यावर गेले. या वेळी त्यांनी पाठ फिरवली, रस्त्याकडं तोंड केलं, काठी टेकली. बऱ्याच वर्षांत त्यांनी पोटातून आवाज काढला नव्हता.

"आप्पासोss!"

धूर सरकत होता. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला, त्याचा आवाज विरला. आणि मग आण्णांच्या मागून, जमिनीच्या आतून, मुरमाच्या खालून, घसा साफ करून कोणी तरी म्हणालं,

"वर हाय."

आण्णा हलले नाहीत. आप्पासो मिरजेच्या दवाखान्यात मेला होता, त्याला खांदा त्यांनी दिला होता. आवाज आप्पासोचा होता.

"बिरदेवाss..."

"वर हाय." जरा डावीकडून. बिरदेवच्या पेवाच्या जागेवरून.

"बाळकू..."

"वर हाय."

"गणू..."

"वर हाय," गणू म्हणाला. गणू पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यावर, टीव्ही बघता बघता गेला होता. त्याला माळापर्यंत यायला कोणी वाट दाखवली असेल?

त्यांतला एकही पेवात मेला नव्हता. सगळे जमिनीच्या वर, औषधं घेऊन, सुनांच्या तक्रारी करत रीतसर मेले होते. आणि आता सगळे खाली होते, आपापल्या जागी. धोंडुबाईंनी आण्णांचा दंड धरला. आण्णांना भीती वाटत नव्हती, आणि याच गोष्टीची त्यांना नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली. त्या क्षणी त्यांचा ऊर भरून आला होता. गाव शहर झालं, रस्ते झाले, मजले चढले, आणि ही माणसं अजून हाकेला चुकली नव्हती. आवाजात तक्रार नव्हती. होता तो जुना रुबाब. खाली उभं राहून डोक्यावर अख्खी कवठाळी पेलणाऱ्या माणसाचा असावा तसा.

"बगितलंस?" ते कुजबुजले. "आपली माणसं..."

"शेडखालनं कोण बोललं न्हाई," धोंडुबाई म्हणाल्या.

खरं होतं. नावं संपली होती, आणि शेडकडून काहीच आलं नव्हतं. आण्णांना हायसं वाटलं. "म्हंजे न्हाई तिथं. मी म्हणत हुतो..."

"एक नाव ऱ्हायलंय."

"कुणाचं? एवढीच हुती टोळी. बाकी मी..." आणि ते थांबले.

हाक्या स्वतःचं नाव घेत नसे. घेणार कसा? तो वरच असायचा. त्याचं नाव घ्यायची वेळच कधी आली नव्हती.

शेडमध्ये एक लहान मूल हसलं. चुलीवर भाकरी फुगल्याचा वास आला. धोंडुबाईंनी आण्णांचा दंड सोडला. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही पदराआड. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर त्या शेजारणीकडं बघत आणि शेजारीण सांगे. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, रस्त्याकडं तोंड केलं, आणि हाक मारली.

"नाथाजीss..."

आण्णांनी तोंड मिटून घेतलं. दात दातांवर आवळले. 'ओ' जिभेच्या टोकावर आली होती, ती त्यांनी गिळली.

"वर हाय!" शेडखालून उत्तर आलं.

आवाज तरणा होता. माळावरून मळ्यापर्यंत जाणारा. धोंडुबाईंनी तो लगेच ओळखला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी परड्यात भांडी घासताना त्यांनी हाच आवाज लांबून ऐकला होता आणि सासूला विचारलं होतं, कोण वरडतंय हो?

आता साळूबाईनंही ऐकला. तिनं कोणाला काही विचारलं नाही. एका हातात नातवंड, दुसऱ्या हातात सुनेची वेणी, असं धरून ती पोरंबाळं बाहेर ओढू लागली. "निगा! भांडी ऱ्हाऊ द्या! निगा म्हणते न्हवं!" माणसं शिव्या देत, पांघरुणं ओढत बाहेर आली. शेवटचा म्हातारा उंबऱ्याबाहेर आला आणि मागं वळून म्हणाला, "काय झालं काय पर?"

शेडच्या आत जमिनीनं उसासा टाकला. दुसरा शब्द नाही. चूल, तवा, तव्यावरची भाकरी, आणि भोवतालची जमीन, सगळं एका जागी शांतपणे खाली गेलं. मोठा आवाज झाला नाही. पत्रा एका बाजूनं वाकला, एवढंच.

धूळ बसल्यावर आण्णा काठावर आले आणि टॉर्च न लावताच त्यांना आतलं दिसलं. खाली पडलेली चूल जळत होती. नुसती जळत नव्हती, छान, उंच, पिवळ्या ज्वाळेनं जळत होती. इतकी वर्षं बंद असलेल्या पेवात कंदील विझतो, काडी विझते, माणूस विझतो. ही आग जगली होती. आत रोज ताजी हवा खेळत असल्यासारखी.

तिच्या उजेडात भिंती दिसल्या. ओल्या होत्या. नुकतंच सारवण केलेलं, त्यावर बोटांचे गोल गोल फराटे. तळाला पाचट अंथरलेलं, नवं, करकरीत, आणि एका बाजूला ते जरा जास्त जाड होतं. कोणी टेकून बसावं म्हणून घडी घातल्यासारखं.

आत माणूस नव्हता.

"आण्णा," साळूबाई हळूच म्हणाली, "हे कुणाचं पेव?"

आण्णा काठावरून मागं सरकले.

पुढचं सगळं ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सांगितलं. वर्तमानपत्रात आलं की जुन्या जाणत्या रहिवाशाच्या तल्लख स्मरणशक्तीमुळे मजुरांची कुटुंबं वाचली. अपेक्षा रडली आणि मग तिनं आजोबांची मिठी सोडली नाही. इंद्रजितनं मुरमाच्या गाड्या मागवल्या. पेव भरायला वाटलं होतं त्याहून फार जास्त मुरूम लागला. खाली कोणी बाजूला सारत असेल तितका लागला, असं ड्रायव्हर म्हणाला आणि चहा प्यायला गेला. साळूबाईनं मात्र हिशेब मिटवून आटपाडीची गाडी धरली. जाताना ती आण्णांच्या पाया पडली आणि धोंडुबाईंच्या कानात म्हणाली, "आक्का, त्यांचं नाव घेत ऱ्हावा. कुठनं ओ येतीया त्यावर ध्यान असू द्या."

हरिद्रा प्लाझा उभा राहिला. तळघरात गाड्या लावायची सोय, वर दुकानं, काचेच्या भिंती, सरकता जिना. उद्घाटनाला आण्णांना शाल आणि नारळ मिळाला. 'गावाचा चालताबोलता इतिहास' असं कोणी तरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. आण्णांनी त्या सरकत्या जिन्यावरून वर जाऊन खाली बघितलं. सगळं गाव चकचकीत फरशीवर उभं होतं. खालचं आठवून त्यांचा ऊर पुन्हा भरून आला, आणि मग त्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. पाहुण्यांना आता सिग्नलनंतर प्लाझा दाखवावा लागतो. तळघर मात्र आण्णा दाखवत नाहीत. तिथं गाड्याच गाड्या आहेत, म्हणतात, तिथं काय बघायचं.

घरात एकच गोष्ट बदलली. एकदा तोंडातून निघालेलं नाव धोंडुबाईंनी पुन्हा आत ठेवलं नाही. रोज दिवा लावला की त्या दाराकडं तोंड करून हाक मारतात, "नाथाजी!" आणि आण्णा जिथं असतील तिथून, परड्यातून, न्हाणीतून, माडीवरून, म्हणतात, "वर हाय!" पहिल्यांदा शेजारणी हसल्या. मग सवय झाली. आण्णांनाही आवडू लागलं होतं. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकायला त्यांना म्हातारपण उजाडलं होतं, आणि तेही त्यांनी पाहुण्यांना ऐकवण्यात कमी केलं नाही.

परवा ते स्वयंपाकघरात, तिच्या समोरच, पाटावर बसून चहा पीत होते. दिवेलागण झाली. धोंडुबाईंनी दिवा लावला, हात जोडले, आणि माणूस समोर बसलेला असूनही सवयीनं दाराकडं तोंड करून हाक मारली.

आण्णांच्या तोंडात चहाचा घोट होता.

"वर हाय," उत्तर आलं.

कपातली वाफ वर जात होती. आण्णांनी घोट गिळला, आणि गिळल्याचा आवाज खोलीभर झाला.

"आपल्या घराखाली पेव न्हाई," ते म्हणाले. "मला ठाव हाय. गावातलं एकूणएक..."

"त्या शेडखाली बी नव्हतं," धोंडुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हळूच आपले अनवाणी पाय फरशीवरून पाटावर घेतले. बाहेर थंडी होती. फरशी कोमट होती.

आणि तिच्याखाली, पाहुणा यायचा असला की झाडतात तसं, घाई न करता, कोपऱ्यापासून, कोणी तरी झाडायला लागलं होतं.